वाटेत काय दिसलं?

आमच्या अष्टमी गावच्या घरमालकीणबाईंना ‘कशा आहात?’ असं विचारलेलं अजिबात खपायचं नाही. ‘कशी असणार? तुझ्यासमोर उभी हाय की,’ असं म्हणून त्या विषय संपवायच्या. त्यांना स्वतःलाही कुणाची तब्येत विचारायची सवय नव्हती. दारात आलेला माणूस गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला असो नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन, त्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा. ‘वाटेत काय दिसलं?’

मलाही पहिल्याच दिवशी विचारला. मी पेणची. रोह्याजवळ धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि शिफ्ट सांभाळून रोज पेणहून ये-जा जमेना, म्हणून खोली बघायला आले होते. मे महिना. रोहा स्टेशनापासून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीपर्यंत चालत आले होते आणि घामानं जीव नकोसा झाला होता. आणि समोर पांढऱ्या ओढणीतली ही ठेंगणी बाई! भाडं नाही, डिपॉझिट नाही, विचारते काय, तर वाटेत काय दिसलं.

‘काय दिसणार? नेहमीचंच,’ मी म्हटलं. माझ्या नाकावर राग तेव्हाही असायचा, आता जरा उतरलाय एवढंच.

‘नेहमीचं म्हंजे काय काय?’

‘नागोठणं, निडी. स्टेशनं दिसली.’

‘निडीला काय होतं?’

‘काही नव्हतं हो. एक कुत्रं होतं, बाकाखाली झोपलेलं.’

‘रंग?’

‘तांबडा,’ मी ठोकून दिलं. खरं तर मी कुत्र्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, निडीच्या बाकाखाली जाऊन ते कुत्रं बघून आल्यासारखा थोडा वेळ घेतला, आणि वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. भाड्याचं बोलणं नंतर, चहा पिताना झालं.

सगळी अष्टमी त्यांना खाला म्हणायची, म्हणजे मावशी. मीही म्हणू लागले. घर प्रशस्त होतं, मस्कतच्या कमाईचं. तीन मुलगे तिकडे, त्यांच्या तीन खोल्या इकडे. तिन्हीत सारखे पलंग, सारखी कपाटं, सारखे हिरवे पडदे आणि दाराला सारखी कुलपं. खाला स्वतः मागच्या पडवीत चटई टाकून झोपायच्या. ‘खोल्या त्यांच्या, राखण माझी,’ म्हणायच्या. त्यात तक्रार नसायची. पण आठवड्यातून एकदा तिन्ही खोल्या झाडून पुन्हा कुलूप लावताना त्यांचा चेहरा बघवायचा नाही.

त्यांचे मालक मस्कतला पाण्याचा टँकर चालवायचे. सारी उमर तिकडे काढून घरी परतले आणि दोनेक पावसाळ्यांतच गेले. त्यांना लिहायचा भारी कंटाळा, म्हणून पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. तेव्हा आखाती घरांतून तशी रीतच होती. बाकीचे लोक खोलीत बसून भरायचे, सलाम-दुवा, पैसे पोचले का, पोराला मारू नको वगैरे. हा बाबा टेपरेकॉर्डर शेजारच्या सीटवर ठेवून टँकर चालवता चालवता भरायचा. मी ऐकल्यात त्या कॅसेटी. इंजिनाची घरघर, आणि त्यातून संथ आवाज, ‘आता डाव्या हाताला रेती. उजव्या हाताला पण रेतीच. अजून रेती. हां, उंट बसलाय बघ एक. नाय नाय. दगड हाय.’

‘दगड हाय’ला खाला दर वेळी हसायच्या. एखाद्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या एकाच विनोदाला इतकी वर्षं हसावं, याचं मला आधी नवल वाटायचं, मग हेवा वाटू लागला. बरं, तो विनोद तरी कुठं होता!

स्वतः खाला कुठं गेल्या होत्या? ‘मी विमानतळ बघितलाय लय वेळा,’ त्या सांगायच्या. ‘बाहेरून.’ माणसांना पोचवायला जायच्या. आधी नवरा, मग थोरला, मग मधला, मग धाकटा. रात्रभर जीपमधून जायचं, काचेपाशी उभं राहायचं, आणि हात हलवून परत यायचं. येताना कुणाशी बोलायचं नाही. निघायच्या आधी मात्र एक काम त्यांचं ठरलेलं. त्यांच्यात प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दंडावर हिरव्या कापडात एक नाणं बांधतात, त्याला इमाम जामीन म्हणतात. ते नाणं त्या माणसाला जामीन राहतं. माणूस सुखरूप पोचला की कापड सोडायचं, नाणं एखाद्या गरिबाला द्यायचं, आणि मग सफर पुरी झाली असं समजायचं. खालांच्या कपाटात खास त्यासाठी हिरव्या कापडाचा एक तागा होता. दर खेपेला पट्टी फाडून फाडून त्याची आता नुसती गुंडाळी राहिली होती.

मी पेणला चालले की मला विचारायच्या, ‘बांधू का गो तुला?’

‘पेणला जायला? लोक हसतील मला.’

‘हसू देत की. लोकांना पण वाटेत काहीतरी दिसायला नको?’

आता गाडीकडे येते. त्या गाडीचं खापर खालांच्या थोरल्यानं माझ्या डोक्यावर फोडलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. माझ्या मामांचा पेणला गणपतींचा कारखाना. त्यांच्याकडे मूर्ती पोचवायची एक जुनी बंद गाडी होती. मामांना मोठा टेम्पो घ्यायचा होता, म्हणून ही काढून टाकायची होती. मी आपलं सहज, चहा पिता पिता बोलून गेले.

खालांनी बशी खाली ठेवली. ‘आत आडवं होता येतं?’

‘मूर्तींना का?’

‘माणसाला गो.’

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पेणला मामांच्या दारात. गल्लीत उन्हाला ओळीनं पांढऱ्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, रंग न लागलेल्या, आणि पलीकडे ती गाडी. आत दोन्ही बाजूंना रुंद लाकडी फळ्या, त्यावर गोधड्या आणि पेंढा, आणि सगळीकडे सोनेरी रंगाची भुकटी उडून बसलेली. पुढच्या काचेवर अर्धगोलात ‘गणपती बाप्पा मोरया’. इंजिन कसं आहे, टायर कसे आहेत, हे काही न विचारता खाला मागच्या दारानं आत चढल्या आणि एका फळीवर सरळ आडव्या झाल्या.

‘दार लाव बघू,’ आतून हुकूम आला.

मी दार लावलं. आम्ही बाहेर उभे. बराच वेळ आतून काही हालचाल नाही. मामा आधी हसले, मग खोकले, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘अगो, भाभींना बरं वाटतंय ना?’ मी दार उघडणार, तेवढ्यात आतून टकटक झाली.

खाला उतरल्या तेव्हा त्यांच्या पांढऱ्या केसांवर, भुवयांवर, सगळीकडे सोनेरी भुकटी लागलेली. उन्हात चमकत होत्या नुसत्या. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ‘घेतली,’ म्हणाल्या.

पैशांचं त्या दोघांनी आपापसात मिटवलं. मामा एक शब्द मात्र प्रामाणिकपणे बोलले, ‘भाभी, पुढची अक्षरं खरवडून देतो.’

‘खरवडायची कशाला? काच खराब होईल,’ खाला म्हणाल्या. तो विषय तिथंच संपला.

अष्टमीच्या सुतारानं एका बाजूच्या फळ्या काढून दुसऱ्या बाजूला पलंगासारखी बैठक केली. शेगडी आली, पाण्याचा कॅन आला, एक फोल्डिंगची खुर्ची आली. आणि एके दिवशी कामावरून येते तो काय, थोरल्याच्या खोलीचं दार सताड उघडं आणि खिडक्या बोडक्या! त्याच्या खोलीतले हिरवे पडदे गाडीला लागले होते. ‘त्या खोलीत उजेड कुणाला नको होता? कुणी नायच आत,’ खालांनी मला समजावलं.

गाडी चालवायला मामांनीच शिकवलं, पेणच्या मैदानावर. इथंच सगळा घोटाळा झाला. मामांनी जन्मभर ती गाडी मूर्ती भरूनच चालवलेली. त्यांना दुसरी तऱ्हा ठाऊकच नव्हती. ‘भाभी, एकच ध्यानात ठेवायचं. मागे मूर्ती आहेत. ब्रेक असा दाबायचा की बाप्पाच्या सोंडेला कळता कामा नये. वळण आलं की गाडीनं वळायचं, मूर्तीनं नाही. खड्डा दिसला की एकेक चाक उतरवायचं, आणि मागे बघून सांगायचं, सांभाळा.’ खालांनी हे शब्दन् शब्द मनावर घेतलं. साठी कधीच उलटलेली बाई, पण रिकाम्या गाडीत मान मागे वळवून ‘सांभाळा’ म्हणायची, आणि मगच खड्ड्यात चाक घालायची.

लायसन्सची परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसून मैदानाची एक फेरी पुरी व्हायची वाट बघत राहिले. उतरताना म्हणाले, ‘आजी, तुमच्या हातून मुंगी मरणार नाही. पण जरा हळदीकुंकू संपायच्या आत पोचत जा.’

मग रोहा ते नागोठणं रस्त्यावर एक नवीनच देखावा सुरू झाला. पुढे खालांची गाडी, मागे वाळूचे डंपर, रिक्षा, कंपनीच्या बसेस, सगळी मिरवणूक. हॉर्न वाजवून वाजवून लोक थकायचे. ओलांडून पुढे जाताना एखादा काच खाली करून ओरडायचा, ‘ओ आजी, बाप्पा बसलेत काय मागं?’

‘व्हय,’ खाला शांतपणे सांगायच्या.

आणि खोटं कशाला बोलू, आमची कंपनीची बससुद्धा एकदा त्या रांगेत अडकली. मला लेटमार्क बसला. सगळी बस शिव्या देत होती आणि मी मान खाली घालून बसले होते, कारण गाडी कुणाच्या मामांची हे माझं मलाच ठाऊक.

गाडीत कॅसेटचा जुना प्लेयर होता, मामांच्या आरत्यांसाठी घेतलेला. खालांनी त्यात आपल्या कॅसेटी लावल्या. मी सुट्टीच्या दिवशी शेजारी बसायची. बाहेर भाताची खाचरं, निडीचं स्टेशन, पाण्यात बसलेल्या म्हशी, आणि आत त्या माणसाचा आवाज, ‘डाव्या हाताला रेती.’ खाला हळूच उत्तर द्यायच्या, ‘इथं भात हाय बघा. कापायला आलाय.’ टेपमधला मालक म्हणायचा, ‘उजव्या हाताला पण रेतीच.’ खाला म्हणायच्या, ‘उजव्या हाताला म्हशी. चार. नाय, पाच. एकीचं नुसतं डोकंच वर हाय.’ मला एरवी असलं काही सहन होत नाही. पण त्या गाडीत बसलं की माझा सगळा तापटपणा कुठं जायचा कोण जाणे. मी चूपचाप बसून दोघांचं ऐकत राहायची. बरेचदा डोळा लागायचा.

असे आम्ही निडीला गेलो, नागोठण्याला गेलो, धरमतरला जाऊन खाडीतले मालवाहू बार्ज बघून आलो. पण दिवेलागणीच्या आत गाडी परत दारात. असे महिने गेले. शेवटी मीच वैतागले. ‘खाला, झोपायची गाडी घेतलीत आणि झोपायला घरी येता! मग सुताराला कशाला कामाला लावलंत?’

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. ‘ही काय सफर हाय? हे नुसतं फिरणं. सफर करायची तर दंडावर इमाम जामीन बांधायला पायजे. तो आपल्या हातानं आपल्याला बांधायचा नसतो.’

‘एवढंच ना? आणा इकडे, मी बांधते.’

‘तू नको.’

‘का? मी हिंदू म्हणून?’

‘तू भाडेकरू म्हणून,’ त्या हसल्या. ‘उद्या बदली झाली की जाशील. ज्यानं मागं वाट बघायची, त्यानं बांधायचा. मी बांधला आणि मी वाट बघितली. तसा हिशोब हाय तो.’

तेव्हा मला कळलं की त्यांनी मुलांना विचारलं होतं. एकदा नाही, दर शुक्रवारी, फोनवर. थोरला म्हणाला, अम्मी हे काय खूळ, या वयात एकटी बाई रस्त्यावर झोपणार, लोक आमच्या तोंडात शेण घालतील. इकडे मस्कतला ये, एसीत बस. धाकट्या दोघांनी सांगितलं, भाईजान म्हणतात तसं कर. खाला मुलांचा शब्द मोडणाऱ्यातल्या नव्हत्या. भांडणाऱ्यातल्याही नव्हत्या. नुसत्या दर शुक्रवारी पुन्हा विचारायच्या.

‘त्यांना मी बांधला तो काय हसत बांधला गो?’ त्या तांदळाकडे बघत म्हणाल्या. ‘धाकट्याच्या वेळी तर माझी गाठ बसेना, हात असा कापत होता. माझं मन नव्हतंच कुणाला धाडायचं. पण मी कुणाचा दंड रिकामा धाडला नाय. मन नसलं तरी बांधला. मग माझ्या वेळी कोण कसं नाय?’

मला इतकं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. पुढच्या शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल चालू असताना मी सरळ मधे तोंड घातलं. ‘भाईसाहेब, तुमची आई तुमच्याहून नीट गाडी चालवते. त्यांना जाऊ द्या.’

‘ताई, तुम्ही भाडेकरू आहात,’ तो थंडपणे म्हणाला.

‘म्हणूनच बोलते. मला वाटणी नकोय.’

त्यानं फोन ठेवला. खालांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी घावन पाठवले वर.

आणि रमजान ईद करायला थोरला स्वतः आला. मोठा सज्जन माणूस निघाला, हीच पंचाईत. चाळिशी ओलांडलेला, डोळ्यांखाली काळं, सगळ्यांशी अदबीनं बोलणारा. आईसाठी नवा फ्रिज घेतला, मला खजूर दिले, आणि ईद झाल्यावर सांगितलं की गाडी ज्यांची त्यांना परत करायची, मामांशी फोनवर बोलणं झालंय, आणि अम्मीला आपण सोबत नेतोय. पासपोर्टचं बघतोय. रागावून नाही, अगदी मायेनं सांगितलं. मायेनं सांगितलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं, ते खालांना कधी जमलं नाही.

‘पेणपर्यंत मीच चालवते,’ एवढंच त्या म्हणाल्या. ‘शेवटची.’

मी शेजारी बसले. थोरला म्हणाला, मी मागे बसतो. मागे चढल्यावर त्यानं पडदा हातात घेऊन बघितला. ‘हा माझ्या खोलीतला ना?’

‘व्हय,’ खाला म्हणाल्या, आणि गाडी सुरू केली.

पूल ओलांडला, रोहा मागे पडलं. खालांनी सवयीनं कॅसेट लावली. बापाचा आवाज आला तसा मागून खसफस झाली. मी आरशातून बघितलं. तो आधी ताठ बसला होता. मग टेकला. मग बैठकीवर कलंडला, बूट घालूनच. निडी यायच्या आत त्याचा एक हात खाली लोंबकळत होता आणि तोंड उघडं पडलं होतं.

‘झोपला,’ मी हळूच म्हटलं.

खालांनी आरशात बघितलं. तोपर्यंत त्या हळू चालवत होत्याच, आता त्यांनी जे केलं त्याला मी काय म्हणू? गाडी चालतेय की नाही तेच कळेना. मागे डंपरांची रांग लागली. एरवी बोंबलणारे ते लोक, पण खालांनी खिडकीतून हात काढून, ओठावर बोट ठेवून मागे दाखवलं, आणि कसं काय कोण जाणे, पहिल्या डंपरवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला. खड्डा आला की त्या मान वळवून अगदी पुटपुटायच्या, ‘सांभाळ रे.’ मग एक चाक. मग दुसरं. नागोठणं गेलं, हायवे लागला. टेपमधला आवाज रेती मोजत होता. खालांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते.

वडखळच्या नाक्यावर पेणला सरळ जायचं. खालांनी गाडी डावीकडे वळवली.

‘खाला, पेण!’

‘पेणला थांबावं लागेल. थांबले की उठेल तो.’

धरमतरच्या खाडीशी, जेट्टीच्या अलीकडे त्यांनी गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. घरघर थांबली तर जाग येईल म्हणून. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. भरती येत होती. एक बार्ज आला, वळला, गेला. पलीकडच्या मिठागरात बगळे उभे होते. कॅसेट संपली तशी त्यांनी दुसरी बाजू लावली. मामांचा फोन येत होता, तो मी तीनदा कापला. उन्हं पार खाली आली तेव्हा कुठं मागे हालचाल झाली.

‘आलं पेण?’ थोरल्याचा आवाज लहान मुलासारखा जड झाला होता.

‘नाय,’ खाला म्हणाल्या.

तो दार उघडून खाली उतरला. त्याच्या दाढीला, शर्टाला सोनेरी भुकटी लागलेली. खाडीकडे बघत उभा राहिला. ‘मी किती झोपलो ग?’

‘झोपलास तेवढा झोपलास.’

‘तिकडे गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही, अम्मी. तुला सांगितलं नव्हतं.’

‘ठाऊक हाय. आवाजावरून कळतं.’

तो समोरच्या टपरीवर जाऊन तीन चहा घेऊन आला. आम्ही गाडीच्या मागच्या दारात बसून प्यायलो. मग त्यानं पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला, जो इतक्या शुक्रवारांत एकदाही विचारला नव्हता.

‘जाणार कुठे आहेस तू?’

‘समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली. जमीन संपेपर्यंत.’

‘आणि मग?’

‘मग वळायचं आणि वर यायचं. तिकडून पण समुद्र उजव्याच हाताला येतो. मी नकाशात बघितलाय.’

‘आणि रात्री? कुणी ओळखीचं नाही, कुणी नाही.’

‘पेट्रोल पंपावर उभी करीन. नायतर देवळापाशी, मशिदीपाशी. बाहेर बाप्पाचं नाव हाय, आत मी हाय. दोघांपैकी एकाला तरी जागा देतीलच.’

तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्यानं तोंड फिरवलं. मग उठला, आपल्या खोलीतल्या त्या पडद्याची कड दातात धरून टर्रकन एक पट्टी फाडली. खिशात हात घातला, नाणं काढलं, पट्टीत गुंडाळलं. ‘हात दे,’ म्हणाला.

खालांनी बाही वर सरकवली. त्यांचा दंड एवढासा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत गाठ मारत होता, आणि गाठ काही केल्या बसत नव्हती. ‘हात कापतोय तुझा,’ खाला म्हणाल्या. ‘माझा पण कापायचा.’

मी जेट्टीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले आणि मामांना फोन लावला. ‘मामा, गाडी येत नाही.’

‘बरं झालं गो बाय,’ मामा म्हणाले. ‘मी ठेवणार कुठं होतो?’

पावसाळा उलटल्यावर खाला गेल्या. घराच्या किल्ल्या माझ्याकडे. थोरला आता दर शुक्रवारी मलाच फोन करायचा. ‘ताई, आज कुठे आहे ती? काय म्हणाली? जेवली का?’ त्याचं ते वाट बघणं फोनमधून ऐकू यायचं. मी सांगायची, आज गोकर्ण, आज कोची, आज असं कुठंतरी की मलाही नाव घेता येत नाही. खालांचा फोन आला की मीच विचारायची, वाटेत काय दिसलं? आणि मग माझा अर्धा तास गेला म्हणून समजा. नारळ किती वाकडे, बायका पाणी कशा वाहतात, एका गावात लोकांनी गाडीची पूजा करून नारळ फोडला आणि ‘आजी, मूर्ती कुठं?’ म्हणून आत डोकावले तर आत ही अंडी उकडत बसलेली.

पुढच्या रमजानच्या तोंडावर त्या परत आल्या. गाडी फाटकातून आत यायला एवढा वेळ लागला की मी दोनदा घरात जाऊन आले. काळ्या झाल्या होत्या, बारीक झाल्या होत्या, आणि पायऱ्या चढताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही. मी चहा ठेवायला गेले तर म्हणाल्या, गाडीतच ठेव, शेगडी हाय. त्यांनी बाही वर केली तेव्हा बघितलं, दंडावर ती पट्टी तशीच. हिरवा रंग उडून पार फिका झालेला.

‘खाला, सुखरूप पोचलात ना? मग सोडा की आता तो.’

‘सोडला होता गो. नाक्यावरच्या फकिराला नाणं दिलं. त्यानं उलटंपालटं करून बघितलं, आणि परत माझ्याच दंडावर गुंडाळून दिलं. म्हणाला, हे चालत नाय.’ त्यांनी गाठ सैल करून मला दाखवलं. नाण्यावर दोन तलवारी आणि खंजीर. मस्कतचं होतं.

मला त्या संध्याकाळचा चहा आठवला. टपरीवाल्यानं माझ्यादेखत थोरल्याच्या हातावर सुटे रुपये ठेवले होते, आणि ते त्यानं खिशात टाकले होते.

‘पण खाला, त्याच्या खिशात आपले पैसे होते त्या दिवशी. मी बघितले.’

‘मी पण बघितले,’ खाला म्हणाल्या. चहा उतू चालला होता, त्यांनी शेगडी बारीक केली. ‘त्याला वाटलं, हे नाणं तिकडंच चालतं. म्हंजे सफर पुरी करायला म्हातारीला एक दिवस त्याच्या दारात यावंच लागेल. पोरगा माझाच हाय.’

‘मग? जाणार मस्कतला?’

‘जाईन ना. सगळ्यात शेवटी त्याच्याकडेच जाईन,’ त्या म्हणाल्या, आणि पट्टीचं एक टोक माझ्या हातात देऊन दंड पुढे केला. ‘तोवर घट्ट बांध बघू. मी अजून वाटेत हाय.’